घरचें आरोग्य : डायालिसिसवरील माणसाचें पान

गेल्या महिन्यांत सांगलीकडील एका वाचकभगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. पत्र लांबलचक आहे व तें सगळें छापण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांतील मतलब असा कीं, तिच्या श्वशुरांचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें गेल्या चार महिन्यांपासून त्यांस आठवड्यांतून तीन वेळां डायालिसिससाठीं इस्पितळांत न्यावें लागतें. घर मोठें आहे. दोन दीर, जावा, मुलेंबाळें, सासूबाई आणि एक वृद्ध आतेसासूबाई. डॉक्टरांनीं पाण्याचें प्रमाण ठरवून दिलें व तें मोजण्याचें काम ह्या सूनबाईंकडे आलें. त्या लिहितात, "घोटभर पाण्याचाही मी हिशेब ठेवतें म्हणून घरांत मला 'कोतवाल' म्हणतात. मामंजी माझ्याशीं धड बोलत नाहींत. आणि मी पाठ वळविली कीं आतेसासूबाई त्यांस शहाळ्याचें पाणी देतात. दोघींत कोण बरोबर आहे तें एकदां छापून सांगा."

दोघींच्याही हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तथापि आमचा निवाडा दोघींसही फारसा आवडण्याजोगा नाहीं. आतेसासूबाईंचें शहाळें हें त्या घरांतील सर्वांत धोक्याचें पेय आहे. आणि सूनबाईंनीं पाण्यावर जो पहारा बसविला आहे, तो आधीं मिठावर बसवावयास हवा होता. हें असें कां, तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे दोन पाहुणे ज्या घरीं वर्षानुवर्षें मुक्काम ठोकून बसतात, त्या घरीं हा तिसरा पाहुणा येण्याचा संभव असतो, आणि असलीं घरें आपल्यांत आतां थोडीं नाहींत.

आजारी माणसास काय द्यावें ह्याविषयीं आपल्या घरांतील वडील बायकांचें ज्ञान सामान्य नसतें. परंतु ह्या एका आजाराविषयीं तें ज्ञान मुकें आहे, आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं. हॉलंडमधील काम्पेन गांवीं डॉक्टर विलेम कोल्फ ह्यांनीं महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, फिरत्या पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलें कृत्रिम मूत्रपिंड चालविलें. (ती नळी सॉसेजच्या वेष्टनाची होती, हें सोंवळ्यांतील मंडळींनीं वाचलें न वाचलें करावें.) त्यांचा पहिला यशस्वी रोगी १९४५ सालचा. पण एकाच माणसास महिनोन् महिने, वर्षानुवर्षें यंत्रावर घेणें शक्य झालें तें १९६० सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर ह्यांनीं हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम राहणारी नळी बसविली तेव्हांपासून. त्यापूर्वीं मूत्रपिंडें कायमचीं निकामी झालेला माणूस जगतच नसे. मग त्याच्या रोजच्या पथ्याचा अनुभव आजीच्या बटव्यांत कोठून असणार? जें पथ्य आपण त्यास लावतों तें तापाचें किंवा अजीर्णाचें असतें: फळांचा रस, शहाळें, मुगाचें पाणी, हलका भात आणि अंथरुणावर विश्रांति. ह्या माणसास ह्यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी पडते.

निरोगी मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि बहुतेक सगळा परत घेऊन दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात. हें काम आठवड्याचे १६८ तास चाललेलें असतें. यंत्रावरचें डायालिसिस तीन वेळां चार चार तास, म्हणजे सारे १२ तास. उरलेल्या १५६ तासांत पोटांत जें जाईल, त्यांतील पाणी, मीठ, पोटॅशियम आणि फॉस्फरस हीं पुढल्या फेरीपर्यंत अंगांतच मुक्काम करतात. त्यांतही आठवड्यांत एकदां दोन दिवसांची मोठी फट पडते. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल तर शनिवार-रविवारची. अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फार मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, ह्या मोठ्या फटीनंतरच्या दिवशीं मृत्यु आणि हृदयाचे झटके इतर दिवसांपेक्षां अधिक होतात.

ही गोष्ट आमच्या घरानें पुस्तकांत वाचली नाहीं, भोगली. आमचे एक वडील आप्त डायालिसिसवर होते. त्या वर्षीं आषाढी एकादशी नेमकी त्यांच्या मोठ्या फटींत आली. आमच्या काकूंनीं मोठ्या मायेनें फराळाचें केलें: बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, दाण्याची आमटी, खजूर, आणि पित्त होऊं नये म्हणून वर शहाळें. पंगतींत आम्हीही होतों. आम्हांस कांहीं वावगें दिसलें नाहीं, उलट एवढ्या आजारांत उपवास निभावला म्हणून आम्हींच त्यांचें कौतुक केलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांस पाय उचलवेनात, नाडी फार मंद लागूं लागली. इस्पितळांत रक्त तपासलें तों पोटॅशियम ७ च्या वर होतें. निरोगी माणसांत तें साधारण ३.५ ते ५ असतें. त्याहून फार चढलें तर हृदय चालतां चालतां थांबतें, आणि पुष्कळदां आधीं सूचनाही मिळत नाहीं. तांतडीनें डायालिसिस झालें व ते वांचले. काकूंनीं मात्र पुढें कित्येक महिने त्यांचें पान स्वतः वाढलें नाहीं. त्यांस आधीं कोणींच कांहीं सांगितलें नव्हतें, ही गोष्ट आम्हांस अजून बोंचते.

म्हणून आंकडे सांगतों. डायालिसिसवरील माणसास दिवसाला साधारण दोन ते तीन हजार मिलिग्रॅम पोटॅशियमची मर्यादा घालतात. नेमका आंकडा त्याच्या रक्ताच्या तपासणीवरून ठरतो. एका शहाळ्याच्या पाण्यांत सहा-सातशें मिलिग्रॅम सहज असतें. एक मध्यम केळें चारशें, शंभर ग्रॅम बटाटाही चारशें, शंभर ग्रॅम खजूर साडेसहाशेंच्या वर. उपवासाचें ताट म्हणजे पोटॅशियमचें ताट होय. अशा माणसानें एकादशी करावी कीं नाहीं ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं, पण करावयाचीच असेल तर ती फराळ वाढवून करूं नये, आणि डॉक्टरांस विचारल्यावांचून तर मुळींच करूं नये.

सफरचंद, नासपती, अननस हीं फळें त्या मानानें सौम्य, तींही एका वेळीं एक लहानशी वाटी. दुधी, दोडका, पडवळ, कोबी ह्या भाज्या चालण्यासारख्या. पालक, टोमॅटोचें सार, पेरू, सुका मेवा हीं दूर ठेवावींत. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यांत उकळावी, पाणी फेकून द्यावें व मग फोडणीस टाकावी. बटाट्याचे बारीक तुकडे असे उकडले तर त्यांतील निम्मेंअधिक पोटॅशियम पाण्यांत उतरतें; नुसतें रात्रभर थंड पाण्यांत भिजत घालण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाहीं. भाजीचें पाणी फेकूं नये असें आम्हींच ह्या सदरांत अनेकदां बजावलें आहे. तें घरांतील इतरांसाठीं अजून खरें आहे. ह्या एका पानापुरतें तें उलटें समजावें. डाळीचेंही तेंच. पुरणाची डाळ उकडून कट काढण्याची आपल्या घरांत संवय आहेच. कटाची आमटी बाकीच्यांनीं ओरपावी आणि निथळलेली डाळ ह्या माणसास घट्ट वरणासाठीं द्यावी.

एका फळाविषयीं वेगळें सांगणें जरूर आहे. कमरख, म्हणजे आडवें कांपलें असतां चांदणीसारखें दिसणारें आंबटगोड फळ, डायालिसिसवरील माणसानें एक फोडही खाऊं नये. त्यांत एक द्रव्य असें आहे कीं, तें निकामी मूत्रपिंडांस बाहेर टाकतां येत नाहीं आणि तें मेंदूवर विषासारखें काम करतें. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि प्रसंगीं मृत्यु, येथपर्यंत मजल गेलेली आहे.

आतां सूनबाईंच्या पाण्याकडे वळूं. लघवी जेवढी होत असेल तेवढें, अधिक सुमारें अर्धा लिटर, असा द्रवाचा साधारण हिशेब असतो. त्यांत चहा, ताक, आमटी, दूध, कलिंगड, बर्फ हें सगळें येतें. अंगांतलें जादा पाणी काढल्यावर जें वजन उरतें त्यास डॉक्टर कोरडें वजन म्हणतात. दोन फेऱ्यांमध्यें वजन ह्याच्या चार-साडेचार टक्क्यांहून अधिक वाढूं देऊं नये. साठ किलोच्या माणसास ही वाढ अडीच किलोच्या आंत असावी. त्याहून जास्त पाणी यंत्रानें चार तासांत ओढूं गेलें कीं रक्तदाब एकदम उतरतो, पोटऱ्यांत वांब येतात आणि हृदयावर ताण पडतो. तेव्हां पाणी मोजणें बरोबरच आहे. पण माणसास तहान कां लागते ह्याचा विचार ह्या घरांत झालेला दिसत नाहीं. शरीरांतलें मीठ स्वतःच्या प्रमाणांत पाणी मागून घेतें. पोटांत ८ ग्रॅम मीठ गेलें कीं तें सुमारें एक लिटर पाणी मागतें. लोणचें, पापड, मेतकूट आणि फरसाण पानांत वाढावयाचें आणि मग पाण्याच्या भांड्यावर पहारा करावयाचा, ह्यांत त्या बिचाऱ्या माणसाचा छळ तेवढा होतो; पाणी कमी होत नाहीं. कोणी पाहत नाहीं असें बघून तो न्हाणीघरांतल्या नळाखालीं ओंजळ धरतो. हें आम्हीं पाहिलेलें आहे.

दिवसाचें सगळें मीठ एक सपाट चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून अधिक होतां कामा नये. आणि येथें आपली जुनी रीत मोठी कामाची आहे. पानांत प्रथम मीठ वाढण्याची जी पद्धत आपल्यांत आहे, तिचा उपयोग करावा. सगळ्या घराची आमटी-भाजीच अळणीकडे झुकती करावी आणि ज्यास हवें त्यानें पानांतलें मीठ घ्यावें. एका पानांत तेवढें मीठ वाढूं नये. वेगळें पातेलें, वेगळी वाटी आणि त्याबरोबर येणारें वेगळेपणाचें दुःख टळतें. रक्तदाब असलेल्या बाकीच्या दोन-तीन मंडळींचेंही त्यांत हित आहे. सैंधव चालेल काय, असें पुष्कळजण विचारतात. सैंधव हेंही मीठच, त्यानें तहान तितकीच लागते. 'कमी सोडियमचें' म्हणून जें मीठ विकतात तें मात्र त्याहूनही वाईट, कारण त्यांत सोडियमच्या जागीं पोटॅशियम घातलेलें असतें. लिंबू, जिरें, मिरपूड, आलें, कोथिंबीर ह्यांवर चव भागवावी. (मधुमेह असेल तर वाढलेली साखरही तहान लावते, हें विसरूं नये.)

पाण्याचा पहारा मात्र सूनबाईंनीं आजच सोडावा. सकाळीं दिवसाचें ठरलेलें पाणी एका तांब्यांत भरून मामंजींच्या स्वाधीन करावें. चहा-ताक जितकें घेतलें तितकें त्यांतून त्यांनीं स्वतः ओतून टाकावें. रोज सकाळीं वजनही त्यांनींच करून वहींत टिपावें. ज्या माणसानें तीस-पस्तीस वर्षें घराचा जमाखर्च लिहिला, त्यास हा हिशेब जड नाहीं. दुसऱ्यानें मोजलेल्या घोटाचा अपमान वाटतो, स्वतः मोजलेल्याचा वाटत नाहीं.

आतां अन्नाचा मुख्य भाग. डायालिसिस सुरू होण्यापूर्वीं डॉक्टर प्रथिनें कमी करावयास सांगतात, म्हणजे डाळ, दूध, पनीर हात राखून. डायालिसिस सुरू झालें कीं हा नियम उलटतो, आणि ह्याचीच वार्ता पुष्कळ घरांस नसते. यंत्र रक्तांतला मळ काढतें तेव्हां त्याबरोबर प्रथिनांचे घटकही थोडे थोडे वाहून जातात. म्हणून आतां दर किलो वजनास १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें रोज हवींत; साठ किलोच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम. जुन्या पथ्याचा कागद भिंतीवर तसाच लटकलेला असतो आणि माणूस मुगाच्या पाण्यावर दिवसेंदिवस वाळत जातो. त्यांत एक फसगत अशी कीं, मांस झडतें त्या जागीं पाणी भरतें, त्यामुळें वजनाचा कांटा हालत नाहीं. अंगठी सैल झाली, खांद्याचीं हाडें वर आलीं, खुर्चीतून उठतांना हात टेकावे लागूं लागले, कीं समजावें.

शाकाहारी घरांत एवढीं प्रथिनें जमतात काय? जमतात, पण ठरवून. दिवसाकाठीं पोळी-भाताचें मिळून दोनशें ग्रॅम धान्य धरलें तर त्यांतून सुमारें २० ग्रॅम. नव्वद ग्रॅम डाळीचें घट्ट वरण दोन-तीन वाट्यांत विभागून, आणखी २०. शंभर ग्रॅम ताजें पनीर, १८. दोनशें ग्रॅम दहीं, ६-७. एवढ्यानें साठी ओलांडते. बाजारांतल्या खारट चीजपेक्षां घरीं फाडलेल्या दुधाचें पनीर बरें, कारण त्याच्या पाण्याबरोबर बरेंचसें पोटॅशियमही निथळून जातें. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा उल्लेख केल्यावांचून हा परिच्छेद पुरा होत नाहीं. एका बलकांत साडेतीन ग्रॅम उत्तम प्रथिन असतें आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो; डायालिसिसवरील माणसासाठीं इतका सोईचा पदार्थ दुसरा नाहीं. ज्या घरीं चालत असेल त्या घरीं संकोच करूं नये. ज्या घरीं चालत नाहीं तेथें आग्रह नाहीं. मात्र घरांत न चालणारें अंडें घराबाहेर ज्यांस चालतें, त्यांनीं तरी आजारी माणसास धर्म सांगूं नये.

दूध, डाळी, दाणे ह्यांबरोबर फॉस्फरस येतो. तो रक्तांत सांचला कीं अंगास असह्य खाज सुटते, हाडें ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत चुना बसूं लागतो. त्यासाठीं डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्या अन्नांतल्या फॉस्फरसला आंतड्यांतच धरून ठेवतात. म्हणून त्या जेवतांना, घासांबरोबरच घ्यावयाच्या असतात. जेवण होऊन तासानें आठवण झाली आणि मग घेतली, तर ती गोळी फुकट गेली. डाळींतला फॉस्फरस अर्ध्याहून कमीच अंगीं लागतो; बाटलींतलीं काळीं पेयें आणि पाकिटबंद पदार्थ ह्यांत मिसळलेला मात्र जवळजवळ सगळा. तेव्हां वरणाचें भय बाळगण्यापेक्षां पाकिटांचें बाळगावें.

पोटांत द्रव सोडून घरच्याघरीं करावयाचें डायालिसिस ज्यांचें चालू आहे, त्यांचे हिशेब थोडे निराळे असतात. त्यांची प्रथिनें अधिक जातात, पोटॅशियमची बंधनें बहुधा सैल असतात, आणि द्रवांतील साखर अंगांत शिरते. त्यांनीं वरील आंकडे आपल्या आहारतज्ज्ञास दाखवून मगच घ्यावेत.

व्यायाम हा शब्द उच्चारतांच पत्रलेखिकेच्या घरीं गहजब होईल ह्याची आम्हांस कल्पना आहे. "एवढ्या आजारांत कसला व्यायाम! पडून राहूं द्या." परंतु पडून राहणें हें ह्या आजाराचें औषध नसून त्याचा दुसरा भाग आहे. प्रथिनें खाल्लीं तरी तीं स्नायूंत ठेवण्यास स्नायूंनीं कांहीं काम करावें लागतें. इटलींत झालेल्या आणि २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत डायालिसिसवरील माणसांस एवढेंच करावयास दिलें होतें कीं, डायालिसिस नसेल त्या दिवशीं दोन वेळां दहा दहा मिनिटें घरच्याघरीं ठरलेल्या लयींत चालावें. सहा महिन्यांनीं त्यांचें सहा मिनिटांत चालण्याचें अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटर झालें. जे चालले नाहींत त्यांचें ३२१ चें ३२४ झालें. चाळीस मीटर म्हणजे थोडें वाटेल. पण घरापासून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत कोणाचा हात न धरतां जातां येणें म्हणजे काय, हें ज्याचें जाणें थांबलें आहे त्यास विचारावें.

आरंभ पांच मिनिटांनीं करावा, अंगणांत किंवा गच्चींत. पाठीची सरळ खुर्ची भिंतीशीं लावून तींतून हात न टेकतां उठणें व बसणें, प्रथम पांच वेळां, पुढें दहा; आम्हांस विचाराल तर हा व्यायाम चालण्याइतकाच मोलाचा आहे. कांहीं इस्पितळांत यंत्रावर असतांनाच निजल्या निजल्या पायांनीं पेडल फिरवावयास देतात; तें पहिल्या दोन तासांत करावें, नंतर रक्तदाब उतरण्याचा संभव असतो. औंधच्या महाराजांच्या प्रसारामुळें सूर्यनमस्कार आपल्या घरांतून रुजलेले आहेत, आणि जुनी मंडळी लगेच त्यांकडे वळतात. पण ज्या हाताच्या शिरा जोडून डायालिसिसची वाट केलेली आहे, त्या हातावर अंगाचा भार घालावयाचा नाहीं, त्यानें बादली उचलावयाची नाहीं, त्यावर घट्ट घड्याळ किंवा बांगडी नको, रक्तदाबही त्यावर मोजूं द्यावयाचा नाहीं. तेव्हां नमस्कार डॉक्टरांच्या संमतीवांचून नकोत. धाप लागत असेल, छातींत दुखत असेल, ताप असेल, मोठ्या फटीच्या अखेरीस वजन फार वाढलेलें असेल, किंवा डायालिसिसहून आल्यावर घेरी येत असेल, तर त्या दिवशीं सुटी.

पत्राच्या शेवटीं ताजा कलम आहे : "मामंजींस यंदा आंबा द्यावा कीं नाहीं?" महिन्याच्या तपासणींत पोटॅशियम मर्यादेंत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल तर द्यावा. हापूसच्या शंभर ग्रॅम गरांत सुमारें १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असतें. आमरसाची वाटी नको, तींत तीन-चार आंबे सहज जिरतात आणि तो द्रवाच्या हिशेबांतही येतो. दोन फोडी, आणि त्या दिवशीं दुसरें फळ नाहीं. फोडी त्यांनीं सर्वांबरोबर पंगतींत बसून खाव्यात, आणि त्या वाढावयास शहाळें बाजूस ठेवून आतेसासूबाईंनीं यावें.